रपेटीला गेलं की घोडी बुजते, उपाय सांगा

डोंगरवाट | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,
मी सासवडच्या पुढे, पुरंदरच्या पायथ्याला राहतो. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून एक मारवाडी घोडी आणली. सहा वर्षांची आहे, काळी, कपाळावर टिक्का, नाव सावळी. फार गुणी आहे. खरारा करताना डोळे मिटून उभी राहते, नालबंद आला की पाय उचलून देते, घरामागच्या मैदानात चाल, दुडकी सगळं व्यवस्थित.

पण रानात नेली की वेगळीच. आमच्याकडे अंजीर-सीताफळाच्या बागा, रानडुकरं येऊ नयेत म्हणून लोक बांधाला जुन्या साड्या बांधतात, पाखरांसाठी ती चमकणारी फीत लावतात, शेततळ्याचा काळा कागद सुटून फडफडत असतो, यातलं काहीही दिसलं की जागेवर थिजते, मान ताठ, कान पुढे, नाकातून फुर्रर्र, आणि एकदम गर्रकन वळून घराकडे. मी अजून पडलो नाही पण माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला तिच्यावर बसायचंय आणि मला धीर होत नाहीये.

एक गोष्ट तर अजिबात कळत नाही. जाताना ज्या साडीजवळून नीट गेली त्याच साडीला येताना बुजते. असं का?

गावात सगळे म्हणतात दोन फटके ठेवून द्या, सरळ होईल. मला ते पटत नाही. झापडं लावू का? बुजली की उतरावं का वरच बसावं? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

खरारा | शनिवार, रात्री ९:३२

आधी थोडी माहिती द्या. चंदी किती आणि कसली? दिवसातले किती तास बांधलेली असते? खोगीर तिच्या मापाचं आहे की बाजारातून तयार उचललंय? आणि एकटीच आहे का सोबत दुसरं जनावर आहे? हे कळल्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तरी ते अंदाजपंचे होणार.

चौखूर | शनिवार, रात्री ९:४०

जुन्या साडीला बुजते म्हणजे नवीन मागत असेल हो 😄

डोंगरवाट | शनिवार, रात्री १०:०५

@चौखूर 😀 बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली घोडीला अक्कल आहे.

@खरारा हरभरा आणि ओट दोन्ही मिळून साधारण चार किलो, शिवाय कडबा आणि भुसा. सकाळी तासभर फिरवतो, बाकी दिवसभर बांधलेली असते कारण मोकळं सोडायला कुंपण घातलेली जागा नाही. खोगीर तयार घेतलंय. एकटीच आहे, शेजारी दोन म्हशी.

खरारा | शनिवार, रात्री १०:२०

बघा, अर्धं उत्तर इथंच आहे. तासाभराच्या कामाला चार किलो दाणा म्हणजे फार झाला. घोडं दिवसातले तेवीस तास खुंट्याला आणि पोटात एवढी ताकद, बाहेर पडल्यावर ती कुठेतरी निघणारच. दाणा हळूहळू कमी करा, एकदम नाही, आठवडाभरात. त्या जागी चांगलं गवत वाढवा, पोट भरलेलं राहिलं पाहिजे. आणि काहीही करून मोकळं फिरायला जागा करा, बांबू टाकून का होईना. बुजणं यानं पूर्ण जाणार नाही पण निम्म्यावर येईल.

पागेतले_काका | रविवार, सकाळी ६:१५

मी लष्करात रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये (लष्कराची जनावरं सांभाळणारा विभाग) होतो, आता बारामतीला असतो. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, बुजणं ही खोड नव्हे. घोडा हा मोकळ्या माळावर चरणारा आणि पळून जीव वाचवणारा प्राणी. ना शिंगं, ना नख्या. आधी पळायचं आणि मग वळून बघायचं, असं केलं तेच वाचले आणि त्यांचीच ही पोरं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे साधारण ३५० अंशांत दिसतं. पण बरोबर कपाळासमोर, नाकाखाली आणि थेट शेपटीमागे काही दिसत नाही. उजेडातून सावलीत शिरताना त्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून चिंचेच्या दाट सावलीच्या तोंडाशी घोडं अडतं आणि स्वाराला वाटतं हा नाटक करतोय. लाल-हिरव्यात फरक करता येत नाही, निळा-पिवळा मात्र चांगला दिसतो. आणि कुठलीही हालचाल त्याला आपल्या आधी कळते. वाऱ्यावर हलणारी साडी म्हणजे यातलं सगळंच एकत्र आलं.

आता काम कसं करायचं. साडी घरी आणा. मैदानाच्या एका टोकाला कुंपणावर टाका, वारा नसताना. घोडीला मोहरकी (तोंडात लगाम न घालता डोक्यावर चढवायचा दोर) घालून लांब दोरीवर हातात धरून घेऊन चला, वर बसू नका. ज्या अंतरावर ती साडीकडे बघते पण अजून घाबरत नाही तिथं थांबा. ओढू नका, पुढं ढकलू नका. थोड्या वेळाने मान खाली येईल, जीभ-ओठ हलतील, मोठा श्वास सोडेल. त्याच क्षणी वळून तिला साडीपासून लांब घेऊन जा. ही लांब जाण्याची परवानगी हेच तिचं बक्षीस, गुळाचा खडा नंतर. मग परत या, चार पावलं जास्त. असं करत करत. नाक लावून हुंगेपर्यंत जाऊ द्या. मग साडी हलती करा, मग खांबाला बांधा, मग डाव्या बाजूने नेलं तर उजव्या बाजूनेही न्या, मग वर बसून.

एक युक्ती. कोणाला तरी साडी जमिनीवरून ओढत पुढे चालायला सांगा आणि घोडीला मागून न्या. जी वस्तू तिच्यापासून लांब पळते तिची भीती पटकन जाते, उलट ती स्वतःच पाठलाग करायला लागेल. रिमाउंटमध्ये नव्या घोड्यांना बँड, झेंडे, आवाज या सगळ्याची सवय अशीच लांबून जवळ लावायचे, कोणी घाई करायचं नाही.

आणि हे लक्षात ठेवा, भीती साचत जाते. निघताना कुत्रं भुंकलं, पुढे ट्रॅक्टर गेला, मग मोर उडाला, प्रत्येक वेळी ती सावरली पण प्रत्येकाचं थोडं थोडं अंगात राहिलं. मग शेवटी एक पान हललं आणि उधळली. आपण म्हणतो पानाला बुजली. पानाला नव्हे, सकाळपासूनच्या सगळ्याला. म्हणून लहान-सहान दचकण्यानंतर तिथंच थांबून मान खाली येईपर्यंत वेळ द्यायचा.

डोंगरवाट | रविवार, सकाळी ७:०२

काका, फार फार आभार. प्रिंट काढून गोठ्यात लावतो.

माथेरानचा_वारा | रविवार, सकाळी ११:४५

आमच्या घरी तीन पिढ्या घोडे आहेत, माथेरानला. आमच्याकडे मोटारी नाहीत त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं घोड्यांना काय शांतता. या एकदा सीझनला. माकडं पत्र्यावरून उड्या मारतात तो आवाज, मिनी ट्रेनची शिट्टी, पर्यटकांची पोरं मागून येऊन शेपूट ओढतात, पावसाळ्याआधी घरांवर निळं प्लॅस्टिक चढतं. काकांनी निळा रंग चांगला दिसतो असं लिहिलंय ते वाचून माझी ट्यूब पेटली, नवीन घोडं त्या प्लॅस्टिकलाच सगळ्यात जास्त चमकतं.

आम्ही काय करतो सांगतो. नवीन घोडं कधी एकटं बाहेर काढत नाही. एक म्हातारं, काम करून करून निवांत झालेलं घोडं असतंच प्रत्येकाकडे. त्याच्या मागे नवीन, तेही गिऱ्हाईक न बसवता, हातात धरून, दस्तुरी (जिथवर मोटारी येतात तो नाका) ते बाजार, बाजार ते पॉइंट. म्हातारं थांबलं नाही की नवीनही थांबत नाही. नंतर शेजारी-शेजारी, मग नवीन पुढे आणि म्हातारं मागे, मग एकटं. शेवटची पायरी लवकर घेतली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आणि आता ई-रिक्षा आल्यात, त्यांचा आवाज नाही. घोड्याला मागून काहीतरी मोठं येतंय हे उशिरा कळतं आणि एकदम दचकतो. त्यात पेव्हर ब्लॉक असेल तर नाल घसरतो. तुमच्याकडे सायकलवाले येत असतील तर त्यांना सांगा लांबूनच घंटी मारा किंवा तोंडाने बोलत या. माणसाचा आवाज आला की घोडं निम्मं शांत होतं.

सोबतीला एखादं जुनं तट्टू मिळतंय का बघा दादा. म्हशींचा उपयोग नाही 😄

गावरान_स्वार | रविवार, दुपारी १:२०

सगळं पुस्तकी चाललंय. जीभ-ओठ हलायची वाट बघत बसलात तर शेतातनं घरी कधी पोचणार? आमच्या आजोबांनी आयुष्यभर घोडी वागवली, बुजली की टाच आणि मागून एक काठी, तिथल्या तिथं. घोड्याला कळलं पाहिजे वर कोण बसलंय. आजकाल घोड्यांचे लाड करतात आणि मग रडतात. लगामही कडक घ्या, काट्याचा मिळतो, एकदा तोंडाला लागला की वळायची हिंमत नाही करणार.

खरारा | रविवार, दुपारी १:३१

काट्याच्या लगामाचं नाव काढू नका. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत त्यात काटे असलेल्या लगामाला, साजाला बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जीभ फाटलेलं घोडं मी पाहिलंय, परत बघायची इच्छा नाही.

जुनी_पानं | रविवार, दुपारी ३:१५

@गावरान_स्वार तुमच्या आजोबांबद्दल पूर्ण आदर आहे, पण मारायचं नाही हे लाड करणाऱ्या आजकालच्या लोकांनी शोधलेलं नाही. झेनोफन नावाचा ग्रीक सेनापती होता, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला, स्वतः घोडदळात मुरलेला. घोडेस्वारीवरच्या ग्रंथात त्यानं हेच लिहून ठेवलंय, की घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला ती वस्तू भयंकर नाही हे दाखवून द्या, मारून पुढे ढकललंत तर भीती वाढते कारण त्याला वाटतं हा मार त्या वस्तूमुळेच बसला. सावळीच्या बाबतीत लावून बघा. साडी दिसली की पाठीत काठी. पुढच्या वेळी ती साडी यायच्या आधीच काठीच्या धाकाने नाचायला लागेल.

सिकंदर आणि त्याच्या घोड्याची गोष्ट सगळ्यांना माहिती आहे, प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने सांगितलेली. ब्युसेफलस कोणालाच बसू देत नव्हता, सिकंदराच्या लक्षात आलं की तो स्वतःच्या हलत्या सावलीला घाबरतोय, त्याचं तोंड सूर्याकडे केलं आणि बसला. गोष्ट खरी किती कोणास ठाऊक, पण त्यात मला आवडतं ते हे की पोरानं आधी घोडा कशाला घाबरतोय ते पाहिलं. बाकीचे सगळे तो वाईट आहे म्हणत होते.

पागेतले_काका | रविवार, संध्याकाळी ५:४०

गावरान_स्वार यांच्या म्हणण्यातला एक भाग मला पटतो, तो सोडू नका. वर बसलेला माणूस ठाम पाहिजे. स्वार कचरला की घोडं आणखी कचरतं. पण ठाम म्हणजे मारणारा नव्हे. ठाम म्हणजे ज्याची मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, पक्की आहे, हात स्थिर आहेत, कुठे जायचंय ते ज्याला माहिती आहे. तुमच्या आजोबांची मांड तशी असणार, म्हणून त्यांची घोडी चालायची. काठीला देताय ते श्रेय त्या पक्क्या बैठकीला द्या.

गावरान_स्वार | रविवार, संध्याकाळी ६:०५

काका, तुम्ही म्हणताय म्हणून मान्य. मांड होती खरी, म्हातारपणीही खोगिराशिवाय बसायचे. पण दिवसभर थांबत बसणं मला अजून पटलेलं नाही.

पशुवैद्य_मराठवाडा | रविवार, रात्री ८:२२

धागा वाचतोय तेव्हापासून एकच गोष्ट सांगायची होती. शिकवणं वगैरे सगळं नंतर, आधी डोळे तपासून घ्या.

आपल्याकडे गाई-म्हशींच्या शेजारी बांधलेल्या घोड्यांत डोळ्यात किडा होण्याचं प्रमाण बऱ्यापैकी आहे. सेटारिया नावाचा जंत, मूळ गुरांच्या पोटातला, गुरांना त्रास देत नाही. डास गुराला चावतो आणि नंतर घोड्याला, आणि अळी घोड्याच्या डोळ्यात पोचते. बुबुळासमोरच्या पाण्यात पांढरा दोऱ्यासारखा किडा वळवळताना साध्या डोळ्यांनी दिसतो. डोळा निळसर-धुरकट होतो, पाणी येतं. छोट्या शस्त्रक्रियेने किडा काढता येतो. वेळ घालवला तर डोळा जातो. तुमच्याकडे दोन म्हशी शेजारी आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय. डास कमी करा, मुताची डबकी साचू देऊ नका, संध्याकाळी धूर करा.

दुसरं, डोळा वारंवार लाल होऊन मिटत असेल, उजेड सहन होत नसेल तर ती वेगळी सूज असते, त्यानं हळूहळू नजर जाते. एका बाजूच्याच वस्तूंना जास्त बुजत असेल तर लक्ष ठेवा.

आणि दुखणं. अयोग्य खोगीर खांद्यामागच्या उंचवट्याला चिमटतं, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कचतो, दाढांना बाहेरून धारदार टोकं येतात आणि लगाम ओढला की गालाला आतून लागतं. दुखणाऱ्या घोड्याला आधीच भीती असते. मैदानात नीट चालते म्हणून दुखत नाही असं समजू नका, मैदानात तुम्ही लगाम एवढा ओढत नसाल.

डोंगरवाट | रविवार, रात्री ८:४०

डॉक्टर, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. उद्याच जेजुरीच्या डॉक्टरांना फोन करतो.

टेक्सासची_मराठी | सोमवार, पहाटे ४:५०

तुमच्या "येताना त्याच साडीला बुजते" या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहिते. मी इकडे ऑस्टिनजवळ राहते, शनिवारी ट्रेलवर जाते, इथे साड्या नाहीत पण रानटी टर्की, हरणं, लोकांच्या पत्रपेट्या आणि सायकलवाले आहेत.

पूर्वी इकडेही सगळे सांगायचे की घोड्याच्या मेंदूच्या दोन बाजू एकमेकींशी बोलत नाहीत, डाव्या डोळ्याने पाहिलेलं उजव्याला कळत नाही. ते बरोबर नाही, प्रयोगात घोड्यांनी एका डोळ्याने शिकलेली खूण दुसऱ्या डोळ्यानेही ओळखली. खरं कारण जास्त साधं आहे. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन यांच्या गटाने लहान मुलांचा खेळायचा मोठा प्लॅस्टिकचा सेट ठेवून घोड्यांना त्याच्याजवळून पुन्हा पुन्हा नेलं, सवय झाली. मग तोच सेट नुसता फिरवून ठेवला. घोडे परत नवीन वस्तू पाहिल्यासारखे बुजायला लागले. म्हणजे वस्तू तीच असली तरी दुसऱ्या बाजूने तिचा आकार वेगळा दिसतो आणि घोड्याच्या दृष्टीने ती वेगळी वस्तू. साडी जाताना एका बाजूने दिसते, येताना दुसऱ्या, उजेडही बदललेला. म्हणून काकांनी दोन्ही बाजूंनी न्यायला सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. प्रत्येक अवघड जागी वळून दोन्हीकडून जा.

काकांशी एका बाबतीत मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. वर बसलेलं असताना मी घोड्याला टक लावून बघू देत नाही. बघत राहिला की ताठरतो आणि मग स्फोट होतो. त्याऐवजी मी लांबूनच त्याचं नाक वस्तूपासून किंचित दुसरीकडे वळवते, आणि वस्तूच्या विरुद्ध बाजूच्या पायाने फासळ्यांना दाबून खांदा वस्तूकडे ठेवते. म्हणजे शरीर किंचित वाकलेलं, पावलं चालू. पाय चालू राहिले आणि लक्ष माझ्याकडे राहिलं की बहुतेक वेळा तो निघून जातो. वस्तूकडे तोंड वळवलं तर खांदा उलटीकडे सुटतो आणि तिथूनच तो पळतो.

पागेतले_काका | सोमवार, सकाळी ६:३०

ताई, तुमचं बरोबर आहे आणि आपल्यात भांडण नाही. ज्या घोड्याला पायाचा इशारा कळतो त्याच्यासाठी तुमची रीत उत्तम. सावळीला तो किती कळतो ते मालक सांगतील. पायाला बाजूला सरकायला न शिकलेल्या घोडीवर हे केलं तर ती नुसतीच वाकड्या मानेने पळेल. आधी मैदानात शिकवा.

दुसरं, एका लगामावर थांबवणं सगळ्यांनी शिकलं पाहिजे. दोन्ही लगाम ओढत राहिलं तर घोडं त्याला रेलून आणखी जोरात पळतं. एकच लगाम हळूहळू आखडत नाक गुडघ्याकडे आणायचं, मागचे पाय आडवे पडले की ताकद तुटते आणि घोडं उभं राहतं. थांबलं की लगेच सैल सोडायचं. हे मैदानात चालीवर, मग दुडकीवर घोटून घ्या. पण भरधाव घोड्याची मान एकदम मुरडायची नाही, तोल जाऊन पडेल. आणि अरुंद डोंगरवाटेवर, एका बाजूला दरी असेल तर हे अजिबात करायचं नाही.

रिकिबीत_पाय | सोमवार, सकाळी ९:१०

उतरावं का बसावं यावर मी सांगते. मुलीसाठी म्हणून विचारताय ना, तर तिला सांगा उतरण्यात कमीपणा काही नाही. "उतरलीस की घोडी जिंकली" असं म्हणणारे भेटतील. घोडीला हारजीत कळत नाही. मांड सुटतेय असं वाटलं, पुढे अरुंद वाट आहे, तर ती उधळायच्या आधी उतरा, चालत न्या, पुढे सपाटीवर परत बसा.

पण चालवताना कुठल्या बाजूला उभं राहायचं ते नीट लक्षात ठेवा. घोडं भीतीच्या वस्तूपासून लांब उडी मारतं. म्हणून आपण वस्तू आणि घोडं यांच्या मध्ये चालायचं. दुसऱ्या बाजूला उभे राहिलात तर ती सरळ तुमच्या अंगावर येईल. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही.

हेल्मेट, टाच असलेले बूट, रिकिबीत फक्त चवडा. घोडीच्या गळ्यात एक साधा पट्टा बांधा, बुजली की लगामाला लटकण्याऐवजी तो धरायचा, तोंडाला हिसका बसत नाही.

झापडांबद्दल: टांग्याला, गाडीला ठीक आहेत. रानवाटेवर घोड्याला पाय कुठे टाकतोय ते दिसलं पाहिजे. आणि दिसणं बंद झालं तरी ऐकू येतच राहतं.

जुन्नरी | सोमवार, दुपारी १२:०५

सगळं मान्य पण कधीकधी घोडं बरोबर असतं हेही लिहा कोणीतरी. आमच्याकडे उसाच्या कडेने जाताना माझा घोडा अडला, काही केल्या पुढे जाईना. कान उसाकडे, थरथरत होता. मी खूप समजावलं, नाही म्हणजे नाही. वळवून दुसऱ्या रस्त्याने आणला. संध्याकाळी त्याच फडात ऊसतोडवाल्यांना बिबट्याची मादी पिल्लांसकट दिसली. तेव्हापासून उसाजवळ तो थांबला की मी वाद घालत नाही.

रोजचं साड्यांना बुजणं आणि हे यात फरक असतो, मालकाला तो हळूहळू कळतो. तेव्हा तो वळून पळाला नाही, नुसता खिळला होता.

चौखूर | सोमवार, दुपारी १२:२०

जुन्नरचा घोडा वनखात्यात घ्या 😄

सह्यकडा | सोमवार, दुपारी १:००

बिबट्यापेक्षा आग्या मोहोळाची भीती जास्त. पुरंदरच्या कड्यांना असतात बघा. माश्या उठल्या तर शिकवणी वगैरे काही नाही, तिथून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं. कड्याखाली धूर, सिगरेट, उग्र अत्तर टाळा. अशा जागांवरून मुलीला नेऊच नका.

पायी_वारी | सोमवार, रात्री ९:५०

घोड्यांबद्दल मला काही कळत नाही पण दरवर्षी माउलींच्या रिंगणाला जाते. अंकलीच्या शितोळे सरकारांचे ते अश्व, एकावर स्वार आणि दुसरा माउलींचा, त्यावर कोणीच बसत नाही. चारी बाजूंना लाखो माणसं, टाळ-मृदंग, पताका, जयघोष, आणि तो रिकाम्या पाठीचा घोडा मधल्या मोकळ्या वाटेवरून धावतो, टापांखालची माती घ्यायला माणसं तुटून पडतात. दरवेळी रडू येतं मला. काकांनी झेंड्यांची सवय लावण्याचं लिहिलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या घोड्यांच्या मागे किती माणसांचं किती काम असेल. म्हणजे सावळीलाही एक दिवस साड्यांचं काही वाटणार नाही, हो ना?

पागेतले_काका | मंगळवार, सकाळी ६:१०

अगदी बरोबर बोललात ताई. आळंदी ते पंढरपूर पालखीबरोबर चालणारं घोडं गर्दीतच घडतं, एका दिवसात होत नाही.

नालबंद_नगर | मंगळवार, सकाळी १०:४०

स्वाराच्या मनातलं घोड्याला कळतं का यावर स्वीडनमध्ये झालेला एक साधा प्रयोग आहे, २००९ साली छापून आलाय. माणसांना घोडा घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला सांगितलं, काही हातात धरून, काही वर बसून. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीआधी सांगितलं की आता तुम्ही जाताना एक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीचं कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही साडीच्या आधीच लगाम आखडून, श्वास धरून बसत असाल तर तुमच्या अंगावरूनच ती वाचते. मी माझ्या पोरांना सांगतो गाणं म्हणा. गाताना श्वास धरताच येत नाही. नजर साडीवर नको, तिच्या पलीकडच्या झाडावर.

डोंगरवाट | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:००

मंडळी, काय काय झालं ते लिहितो.

डॉक्टर येऊन गेले. डोळे दोन्ही स्वच्छ, किडा नाही. पण वरच्या दाढांना दोन्हीकडे धारदार टोकं होती, गालाला आतून जखम झालेली. घासून घेतली. आठवडाभर तोंडात लगाम घातला नाही, नुसती मोहरकी. खोगिराखाली सध्या जाड गाशा घातलाय, मापाचं खोगीर करायला टाकलंय. दाणा दीड किलोवर आणला. शेजारच्या पडीक रानात बांबूचं कुंपण केलं, तिथं दिवसभर मोकळी असते, पहिल्या दिवशी ती एवढी लोळली की सगळं गाव बघायला आलं.

साडीचं काम काकांनी सांगितलं तसंच केलं. घरच्या साड्यांना आता काही करत नाही, एक तर तिनं चावून फाडली. बाहेर मुलगी हातात धरून नेते, मी बाजूला. बांधावरच्या साड्या जाताना-येताना दोन्हीकडून होतात. थांबते, बघते, पण वळत नाही. वर बसून मात्र येताना अजून थोडी आखडते. शेततळ्याचा काळा कागद अजून जमलेला नाही, तिथं वारा असला की लांबूनच फुरफुरते.

@गावरान_स्वार, वेळ लागतो हे तुमचं खरं आहे.

गावरान_स्वार | रविवार, रात्री ८:२५

वळत नाही म्हणजे खूप झालं दादा. आमचं एक जुनं तट्टू आहे, वीर गावात, वय झालंय पण डीजेसमोर उभं राहतं. पाहिजे तर महिनाभर घेऊन जा सोबतीला. पैसे नकोत, गवत घाला.

माथेरानचा_वारा | रविवार, रात्री ८:३०

👏👏 हे बेस्ट झालं.

पागेतले_काका | सोमवार, सकाळी ६:००

शेततळ्यासाठी: कागदाचा एक तुकडा घरी आणा, आधी कोरडा आणि पसरलेला, चारी कोपऱ्यांवर दगड. त्यावर दाणा ठेवून खाऊ द्या. नंतर एक कोपरा मोकळा सोडा म्हणजे फडफडेल. तळ्याकडे प्रत्यक्ष नेताना सकाळी लवकर न्या, वारा पडलेला असतो आणि पाण्यावर तिरीप नसते. तट्टू पुढे. काठावर जाऊ नका, कागदावर पाय घसरला तर घोडं तळ्यात जातं आणि वर येता येत नाही. वीस-पंचवीस पावलांवरून पुरे.

मुलीला कधी बसवायचं ते विचारलं नाहीत, तरी सांगतो. तट्टूवर आधी बसवा, तुम्ही सावळीवर.

डोंगरवाट | सोमवार, सकाळी ७:१५

हो काका, तसंच करतो. @गावरान_स्वार व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बुधवारी टेम्पो घेऊन येतो.

रिकिबीत_पाय | सोमवार, सकाळी ९:००

तट्टू आणि घोडी पहिले काही दिवस एकाच कुंपणात सोडू नका, मध्ये बांबू राहू द्या. लाथा बसतात. आणि दिवाळीचे फटाके राहिलेत अजून गावात, त्या संध्याकाळी दोघांनाही आत बांधा, दिवा लावून ठेवा, समोर भरपूर गवत.